आरशाला बांधलेला चौथा प्लग

मित्रांनो, गयासभाईच्या जीपच्या आरशाला तारेनं बांधलेला तो काळपट, बोटभर तुकडा म्हणजे मी. मी एक जुना स्पार्क प्लग आहे. इंजिनात ठिणगी पाडणं हे माझं काम. ते सुटून कितीतरी वर्षं झाली, पण त्या ठिणगीची आठवण मला सोडत नाही.

एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. अंगावर पांढरीशुभ्र चिनीमाती होती. औरंगाबादच्या दुकानात भारी प्लगांशेजारी बसलो, की मीही त्यांच्यासारखाच दिसायचो. किंमत मात्र निम्मी.

गयासभाई कन्नड ते औरंगाबाद सवाऱ्या नेत असे. जीपला चार प्लग लागत. त्यानं तीन भारी उचलले आणि चौथा मी.

मुबारक मिस्त्री करवतीच्या तुटक्या पात्यानं माझी फट जुळवता जुळवता म्हणाला, "गयास, हा सपाटीवरचा माल हाय. विहिरीवर मोटेच्या जागी बसवलेल्या छोट्या इंजिनाला चालंल. घाटात तापंल."

"तीन तर भारी घेतले ना! एकानं काय बिघडतंय?"

"बैलगाडीला तीन चाकं लावून बघितली का कधी?"

"तू लई बोलतो बुवा. बसव."

जुने चार प्लग घासून सीटखालच्या डब्यात ठेवायची सगळ्याच ड्रायव्हरांची रीत. त्या दिवशी गयासभाईनं तेही मुबारककडंच टाकले. नवे बसवलेत, आता कशाला लागतात!

महिनाभर मी मन लावून काम केलं. "बघ, कशी पळती!" असं तो म्हणाला, की मी भान विसरून ठिणगी टाकायचो.

मग कन्नडच्या बाजाराचा दिवस आला. जीप दाबून भरली. पुढं आशाबाई नावाची एक बाई बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचा तापलेला मुलगा. त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. तो हळू कण्हत होता आणि आईचा पदर मुठीत धरून होता.

वेरूळ सोडून जीप चढाला लागली. मी तापलो. आणखी तापलो. दुसऱ्या वळणावर माझ्या चिनीमातीला तडा गेला. ठिणगी पडेना. बाकीच्या तीन प्लगांनी जोर लावला, पण गाडी धापा टाकत थांबली. सवाऱ्या उतरल्या, ढकलू लागल्या. गयासभाईनं सीटखालचा डबा उघडला. डबा रिकामा होता.

"भाऊ, किती येळ?" आशाबाईनं विचारलं.

"आत्ता होतंय, ताई. आत्ता."

तासाभरानं एक ट्रक आला. त्यानं माय-लेकराला नेलं. तोवर ते कण्हणं थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी मुबारकच्या दारात उभं राहून गयासभाई एवढंच म्हणाला, "पोरगं गेलं."

त्यानं मला फेकलं नाही. आरशाला बांधलं.

आता जीपमध्ये चारही प्लग भारी आहेत. तरी त्या वळणावर इंजिन एकदा चुकतंच. मुबारकनं तीनदा खोलून पाहिलं, दोष सापडला नाही. तेवढ्या एका ठोक्यात मला ते कण्हणं ऐकू येतं. गयासभाईलाही येत असावं, कारण त्याचा हात सीटखालच्या डब्याकडं जातो.

दोन वर्षांनी आशाबाई पुन्हा जीपमध्ये बसली. मांडीवर लेक होती. लेकीनं मला मुठीत धरलं.

"नजरेचं बांधलंय का हे, भाऊ?"

गयासभाईनं किल्लीवरचा हात काढला. "नाय, ताई. माझ्या चुकीचं हाय. त्या दिवशी इंजिनात हाच बसवला होता."

तिनं लेकीची मूठ सोडवली नाही. फक्त विचारलं, "डब्यात जादा हायेत ना आता?"

"चारही हायेत."

"मग चला."

वळण आलं. इंजिन एकदा चुकलं. आशाबाईनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. गाडी पुढं निघाली.

मित्रांनो, मी खोटा नव्हतो. छोट्या इंजिनावर एखाद्या मळ्याला मी सुखानं पाणी पाजलं असतं. वस्तू घेताना किंमत जरूर बघा, पण तिला कोणता चढ चढायचा आहे आणि मागं कोण बसणार आहे, तेही बघा. माझ्या अंगावरचा तडा त्या लेकीच्या बोटाला लागला होता. ती रडली नाही. मला मात्र रडता आलं असतं, तर बरं झालं असतं.