बाहेरचा फ्लॅश, एक नग

“ही कोण?” मावशींनी विचारलं.

हसूनकांनी कॅमेरा आपल्याकडे वळवला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो होता आणि फोटोतल्या बाईला डावा गाल नव्हताच. तिथे नुसता पांढरा डाग होता, स्टीलच्या ताटावर उन्हाची तिरीप पडावी तसा. उजवी बाजू मात्र नीट आली होती, त्यामुळे डावी जास्तच वाईट दिसत होती.

“परत काढू,” ते म्हणाले. “जरा तिरक्या बसा.”

“तिरकी बसले होते की मघाशी. त्याच्या आधी समोर बसले होते. त्याच्या आधी तुम्ही पावडर लावून यायला सांगितलंत, ती लावून आले. आता काय राहिलं? उलटी बसू?”

हसूनकांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि तिथेच राहिलं होतं. सव्वीस वर्षं ते हॉस्पिटलच्या तळघरात, रेकॉर्डच्या खोलीत कारकून होते. एकदा कुणाच्या तरी निरोप समारंभात “अरे, कुणीतरी फोटो काढा” असं कुणी म्हटलं आणि यांनी कॅमेरा हातात घेतला, तेवढी एक चूक झाली. तेव्हापासून ओळखपत्रांचे फोटो त्यांच्या गळ्यात पडले ते कायमचेच. ओळखपत्रावर दात दिसता कामा नयेत असा नियम, म्हणून मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाला ते “हसू नका” म्हणत. लोकांनी त्याचंच नाव करून टाकलं. पहिली काही वर्षं ते चिडायचे, मग फोनसुद्धा “हं, हसूनका बोलतोय” म्हणून उचलायला लागले.

मावशी धुलाई विभागातल्या. तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या होत्या. सात वर्षांपूर्वी वाफेच्या नळीचा सांधा फुटला आणि डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत भाजलं. जखम भरली, पण कातडी आली ती ताणलेली, गुळगुळीत, चकचकीत. मावशींनी रजा संपवली, तोंडाला मास्क लावला आणि कामावर आल्या. हॉस्पिटलात मास्क लावला म्हणून कुणी हटकत नाही. बाकीच्यांचे सुट्टी झाली की उतरतात, मावशींचा कधी उतरला नाही. आता नवीन गेट बसत होतं, कार्ड टेकवलं की उघडणारं, आणि त्यासाठी सगळ्यांचे नवे फोटो हवे होते. जुन्या कार्डावरच्या मावशी भाजण्याच्या आधीच्या होत्या.

“साहेब, मला सुंदर काढा असं नाही म्हणत मी,” मास्क लावत त्या म्हणाल्या. “आहे तशी काढा. आहे त्यापेक्षा वाईट कशाला?”

हे वाक्य हसूनकांना लागलं, कारण ते खरं होतं. समोर बसलेल्या बाईचा गाल असा दिसतच नव्हता. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो टीचभर फ्लॅश थेट तोंडावर आदळत होता आणि चकचकीत कातडीवरून तसाच परत येत होता. खोट्या साक्षीदारासारखं काम.

“बाहेरचा फ्लॅश मागवतो,” ते म्हणाले. “वेगळा मिळतो, कॅमेऱ्यावर बसवायचा. आठ दिवस द्या मला.”

“आठ दिवसांनी तर गेट सुरू होतंय.”

“त्याच्या आत आणतो. शब्द दिला.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने एकापाठोपाठ एक सहा फ्लॅश काचेवर मांडले आणि कुणाचा उजेड किती लांब जातो ते सांगायला सुरुवात केली. हा पन्नास फूट, हा ऐंशी, हा तर विचारूच नका.

“अहो, मला मैदान उजळायचं नाहीये,” हसूनका वैतागून म्हणाले. “एका बाईचा एक गाल काढायचाय. चकाकतो तो.”

दुकानदार थांबला. “मग आधी सांगायचं ना. तुम्हाला ताकद नको, मान पाहिजे.”

त्याने त्यातला एक मधला फ्लॅश उचलला, त्याचं डोकं कट्कन वर वळवलं, मग बाजूला वळवून दाखवलं. “हा थेट तोंडावर मारायचाच नाही. छताकडे करायचा. उजेड आधी छताला लागतो, तिथून पसरून खाली येतो. छत पांढरं आहे ना तुमच्याकडे? झालं तर.” आणि त्याने हसूनकांचाच फोटो काढला. हसूनकांना टक्कल होतं, आणि आजवरच्या प्रत्येक फोटोत ते बल्बसारखं चमकायचं. या फोटोत ते नुसतं टक्कल होतं. ते बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

“हाच,” ते म्हणाले.

परत येताना ते इतके खुशीत होते की जिना चढून थेट स्टोअरमध्ये गेले आणि उभ्या उभ्या मागणीपत्र भरलं. वस्तूचं नाव: कॅमेऱ्यासाठी बाहेरचा फ्लॅश. संख्या: एक नग. शेवटच्या रकान्यात ‘तपशील’ होता. तिथे त्यांनी लिहिलं, ‘चांगला’. सही ठोकली.

सव्वीस वर्षं या माणसाने लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म तोंडावर परत फेकले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. फ्लॅश आला नाही, गेट मात्र ठरल्या दिवशी सुरू झालं. कार्ड नाही तर प्रवेश नाही. गेटवरच्या रखवालदाराने मावशींना ओळखलं, नाही असं नाही, पण गेट माणसं ओळखत नव्हतं. त्याने बाजूचं छोटं दार उघडलं आणि भेटीला येणाऱ्यांची वही पुढे सरकवली.

“तेवढी सही करा मावशी. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

हे हसूनकांना कळलं ते तिसऱ्या आठवड्यात. रखवालदाराने आपणहून वही उघडून दाखवली. नाव, वेळ आणि शेवटचा रकाना, ‘कोणाला भेटायचे’. तिथे मावशींनी रोज नेमाने उत्तर दिलं होतं. सोमवारी ‘चादरींना’. मंगळवारी ‘चादरींना’. बुधवारी ‘उशांचे अभ्रे’.

“मी हसलो होतो आधी,” रखवालदार म्हणाला. “पण आता नाही हसवत, साहेब.”

हसूनकांनी वही मिटली. तीस वर्षं नोकरी केलेली बाई आपल्याच कामावर पाहुणी म्हणून येत होती, आणि ते आपल्या शब्दामुळे.

हेडक्लार्क वेगळ्याच कारणाने वैतागलेले होते. यादीत एकच नाव बाकी दिसत होतं. “लावून टाका ना जुन्यातला एखादा. कार्डावरचा फोटो बघतं कोण?”

“त्या घेणार नाहीत. मी विचारलं होतं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, लावा. मग त्या फोटोतल्या बाईलाच कामाला बोलवा.”

“शनिवारपर्यंत बघा,” हेडक्लार्क म्हणाले. “नाहीतर मी स्वतः लावतो.”

गुरुवारी स्टोअरमधून निरोप आला. हसूनका जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. खोका चांगला जाडजूड होता. आतला फ्लॅश दुकानातल्यापेक्षा मोठा, जड, काळाभोर. त्यांनी त्याचं डोकं वर वळवायचा प्रयत्न केला. हललं नाही. बाजूला वळवून बघितलं. कुठे कळ आहे का म्हणून चारही अंगांनी चाचपलं.

“याची मान वळत नाही,” ते म्हणाले.

“फ्लॅशला मान असते?” स्टोअरकीपरने विचारलं.

“मला वळणारा हवा होता हो! हा परत सरळ तोंडावर मारणार. आधीचा थप्पड मारायचा, हा तर लाथ घालेल!”

स्टोअरकीपरने शांतपणे फाईल काढली, मागणीपत्र समोर ठेवलं आणि ‘तपशील’वर बोट टेकवलं. “काय लिहिलंय? ‘चांगला’. हा चांगला आहे. ऐंशी फूट जातो. दुकानदाराला विचारून सगळ्यात दणकट घेतला, म्हटलं हसूनका साहेबांचं काम आहे, कमी पडायला नको.”

शिव्या द्यायला समोर दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं. अक्षर त्यांचंच होतं, सही त्यांचीच होती.

“बदलून मिळेल?”

“आता नवीन मागणी. नवीन वर्षात.”

संध्याकाळी घरी त्यांनी चपला अशा काढल्या की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग तिला सगळं ऐकावं लागलं. स्टोअर, हेडक्लार्क, दुकानदार, तळघर, गेट, सगळ्यांचा उद्धार झाला. शेवटी स्वतःपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

“एक शब्द लिहायचा होता गं. ‘वळणारा’. एवढा एक शब्द नाही लिहिला मी.”

बायको शेंगा सोलत होती. तिने हातातली शेंग संपवली. “त्यांना विचारलंत का?”

“काय विचारायचं? फ्लॅश कोणता घेऊ म्हणून?”

“अहो, त्या स्वतःला बघतात कुठे, ते. आपल्या बाथरूममधल्या आरशात मी बघतच नाही. त्या दिव्याखाली मी थेट माझ्या आत्यासारखी दिसते. दाराजवळच्या आरशात बरी दिसते. कुठल्या उजेडात आपण आपल्यासारख्या दिसतो, ते प्रत्येक बाईला माहीत असतं. तुम्ही पाच आठवडे दुकानदाराला विचारताय, स्टोअरवाल्याला विचारताय.”

हसूनकांना याचाही राग आला, कारण हेही खरं होतं.

शनिवारी सकाळी ते धुलाई विभागात गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. मशीनच्या आवाजात त्यांना ओरडून विचारावं लागलं, आणि असला प्रश्न ओरडून विचारताना त्यांचे कान तापले.

“मावशी, तुम्ही आरशात कुठे बघता?”

मावशींनी हातातली चादर खाली ठेवली. मग वर बोट केलं. “गच्चीवर. ड्रायर बंद पडला की चादरी तिथे घालतो, आजही घातल्यात. जिन्याच्या दाराला काच आहे. तिच्यात बघते कधीतरी, दहाच्या सुमाराला.”

कॅमेरा रेकॉर्डच्या खोलीबाहेर न्यायचा नाही, असा लेखी आदेश होता. खाली टंकलेखकाच्या जागी हसूनकांचीच सही होती. त्यांनी कॅमेरा फायलींच्या गठ्ठ्यात घातला, गठ्ठा काखेत मारला आणि जिना चढले. नवा फ्लॅश खोक्यातच राहिला.

गच्चीवर दोऱ्यांवर चादरी होत्या, चार रांगा. ऊन थेट कुठेच येत नव्हतं. ते एका चादरीवर पडायचं, तिथून दुसरीवर जायचं आणि मग कुठे माणसापर्यंत पोचायचं. हसूनका मधोमध उभे राहिले आणि त्यांना दुकानदार आठवला. छताला लागतो, पसरतो, मग खाली येतो. हेच तर ते होतं. आनंद व्हायला हवा होता, पण आधी संतापच आला. चार आठवडे ती बाई वहीत सह्या करत होती आणि तिच्या फोटोचा उजेड तिच्याच हातांनी इथे वाळत घातलेला होता.

“या, इथे उभ्या राहा,” ते म्हणाले.

मावशींनी मागची चादर ओढून सरळ केली. मग मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला. हसूनकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. गाल दिसत होता. भाजलेला होता, ओढलेला होता, पण गाल होता.

“साहेब, हसू नका म्हणा ना,” मावशी म्हणाल्या. “नाहीतर हसेन मी.”

“हसू नका.”

एकच फोटो काढला. पडदा त्यांच्यापुढे धरला. मावशींनी हात पुसले, कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि चादरीच्या सावलीला जाऊन बघितला. हसूनकांनी तेवढा वेळ खाली रस्त्याकडे बघत काढला.

“हं,” मावशी म्हणाल्या. “ही मी.”

कार्ड दुपारी छापून आलं. मावशी तळघरात आल्या तेव्हा हसूनकांनी ते टेबलावर ठेवलं आणि मग घसा खाकरला. नियम होता: नवं कार्ड दिलं की जुनं जमा करून घ्यायचं आणि फोटोमधून कात्रीने कापायचं. शेकडो कार्डं त्यांनी अशी कचाकच कापली होती.

मावशींनी जुनं कार्ड पुढे केलं. त्यावरची बाई सात वर्षांपूर्वीची होती, दोन्ही गालांची, ‘हसू नका’ म्हटल्यावरही ओठांच्या कोपऱ्यात थोडी हसलेली. हा फोटो काढताना आपण काय म्हणालो असू, ते हसूनकांना आठवेना. त्यांनी कात्री उचलली आणि परत ठेवली.

“घेऊन जा हे,” ते हळूच म्हणाले. “कापलं म्हणून लिहितो मी. कुणी बघायला येत नाही. घरी राहू दे तुमच्याकडे.”

मावशींनी जुन्या कार्डाकडे पाहिलं. मग हसूनकांकडे.

“नको साहेब,” त्या म्हणाल्या. “ती आता कामावर येत नाही.”

त्यांनी स्वतःच कात्री घेतली. कापडाला सरावलेला हात, एका रेघेत कापलं. दोन्ही तुकडे जुळवून टेबलावर ठेवले आणि कात्री मूठ पुढे करून परत दिली. नवं कार्ड गळ्यात अडकवून त्या जिन्याकडे निघाल्या. मास्क खिशातच होता की त्यांनी बाहेर जाऊन लावला, ते हसूनकांना बसल्या जागेवरून दिसलं नाही. थोड्या वेळाने वरून गेट उघडल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि ‘जुने कार्ड जमा’च्या पुढे तपशिलासकट सगळं लिहिलं.