नांगराचं खडप

समुद्रात बुडी मारायला चांगली जागा कुठली हे ठरवायला पुण्याहून माणसं आली, तेव्हा आमच्या वाडीत आधी हसू झालं. दोन हजार सात सालचा जानेवारी होता. मालवणात पर्यटकांच्या तोंडात नळी देऊन त्यांना पाण्याखाली न्यायचा धंदा सुरू झाला होता. तिथं गर्दी व्हायला लागली म्हणून एक कंपनी नव्या जागा शोधत तळेऱ्याच्या फाट्याला वळून आमच्या मिठबावला पोचली. ही माणसं खाली जाऊन मासे पकडत नाहीत, नुसते बघून वर येतात, हे ऐकून म्हातारी राधाबाई म्हणाली, "मगे घराक काय नेतत ते?"

पण हसू फार दिवस टिकलं नाही. कंपनीनं जी जागा निवडली तिथं जाळं टाकायचं नाही, गळ सोडायचा नाही, असं मालवणच्या बाजूनं आमच्या कानावर आलं होतं. मग मच्छीमार सोसायटीची सभा भरली. चांगलं खडप, म्हणजे ज्याच्याशी मासा राहतो तो पाण्याखालचा कातळ, कंपनीला कुणी दाखवायचं नाही असं ठरलं. सगळ्यांनी नारळावर हात ठेवले. पेद्रूनंही ठेवला, आणि वर छातीवर क्रूसाची खूण केली.

मी तेव्हा उठून म्हणालो, "मी फिरवतंय तेंका. आठ दीस गढूळ पाणी दाखवतंय आणि नवव्या दिसाक गाडयेत बसवतंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या की माझं डोकं जागेवर राहत नाही, हा माझा जुना रोग आहे.

पेद्रू माझा भागीदार. होडी माझी, जाळी आणि गळ त्याचे, असं आमचं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. बोलायला कमी, पण छातीत हवा एवढी की एका दमात खालचा तळ बघून यायचा. आम्ही भागी सुरू केली त्याच वर्षी आमचा नांगर एकदा खाली अडकला. पेद्रू सोडवायला बुडाला आणि वर आला तो हसतच आला. नांगर कातळाच्या फटीत पार रुतला होता, निघणार नव्हता. पण कातळाभोवती गोबरे आणि तांबोशी मासे एवढे की हातानं बाजूला करावे लागत होते. आम्ही दोर कापला, नांगर तिथंच ठेवला आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरल्या. गजबादेवीच्या देवळाचा कळस काळ्या कड्याच्या चिरेत आला, आणि दक्षिणेच्या टेकडीवरचा उंच माड जुन्या बंगल्याच्या कौलावर बसला, की खाली नांगराचं खडप. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. मी माझ्या बायकोला, लक्ष्मीला सांगितली नाही, त्यानं त्याच्या फ्रान्सिस्काला सांगितली नाही. बाकीच्यांची जाळी रिकामी यायची तेव्हाही आम्ही मासा घेऊन यायचो, आणि लोक म्हणायचे विठोबाच्या, म्हणजे माझ्या, हाताला गुण आहे. मी म्हणू द्यायचो.

कंपनीचा माणूस यतीन, तिशीतला, गोड बोलणारा. पहिल्याच दिवशी लक्ष्मीला काकू म्हणाला आणि आमच्या पडवीत बसून सोलकढीच्या तीन वाट्या प्यायला. गळ्यात मोबाइलएवढं एक मशीन लटकवलेलं असायचं. आपण समुद्रात नेमके कुठं आहोत हे ते सांगतं, असं तो म्हणाला. आमचं देऊळ आणि माड तेच सांगतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही, असं मी मनात म्हटलं.

मी त्याला खाडीच्या तोंडाशी नेलं. तिथं पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही. मग रेतीच रेती आहे तिथं नेलं. मग एका खडपावर नेलं जिथं शेवाळाशिवाय काही उगवत नाही. यतीन आणि त्याची दोन माणसं बुडायची, वर यायची, मान हलवायची. मी तोंड पाडून म्हणायचो, "काय करणार साहेब, आमचा समुद्र असाच." पेद्रू सुकाणूकडे पाठ करून बसलेला असायचा.

नांगराचं खडप जायच्या-यायच्या वाटेवरच होतं. वळसा घातला असता तर यतीनला संशय आला असता. म्हणून मी रोज होडी सरळ त्याच्यावरून न्यायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होडी ओढून घेताना पेद्रू म्हणाला, "उद्या थंयसून नको. लांबसून जाव्या."

"भितस कित्या? तेंच्या पोटाखालून जाता आणि तेंका पत्तो नाय. डोक्या लागता त्याका."

तो दोर गुंडाळायला लागला. आठ दिवस झाले, यतीन हात जोडून, लक्ष्मीनं दिलेल्या आमसुलांची पिशवी घेऊन गेला. सोसायटीत माझी पाठ थोपटली गेली.

शिमगा आठवड्यावर आला होता. सकाळी मी आणि पेद्रू गळ घेऊन निघालो. कळस चिरेत यायच्या आधीच मला पाण्यावर तांबडा गोळा दिसला. जवळ गेलो तर चांगला मोठा बोया, वर झेंडा, झेंड्यावर कंपनीचं नाव. मी कळस बघितला, माड बघितला. दोन्ही जागच्या जागी होते. झेंडा बरोबर नांगराच्या डोक्यावर.

मी पेद्रूकडे बघितलं. तो झेंड्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नवल म्हणून काही नव्हतं.  दोघांना ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मग उरलं कोण? गळ न सोडताच मी होडी वळवली. दोन दिवसांनी कंपनीचा रंगीत कागद आला. त्यात मिठबावची चार ठिकाणं होती आणि पहिल्या नंबरावर "कोरल गार्डन". त्याच दिवशी कळलं की पेद्रूची मुलगी ॲश्लिन कंपनीच्या टेबलावर पर्यटकांची नावं लिहायला लागली. कणकवलीला कॉम्प्युटर शिकली होती ती. पण मला कसला कॉम्प्युटर दिसतोय! मला एवढंच दिसलं की बापानं खडप दिलं आणि लेकीला खुर्ची मिळाली.

अठ्ठावीस वर्षं ज्याच्या डब्यातली भाजी मी न विचारता खाल्ली त्यानं मला विकलं, असं मला वाटलं, आणि ते वाटणं रात्रंदिवस चावत राहिलं. लहानपणी बापानं मारलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

सभेत मी उभा राहिलो आणि सगळं बोललो. खडप सांगितलं, खुणा सांगितल्या, आता लपवायला उरलं काय होतं? नारळावर हात ठेवून क्रूसाची खूण करणारा कोण होता तेही सांगितलं. चाळीस माणसांच्या देखत मी त्याला म्हणालो, "पेद्रू, तुया माझो गळो कापलंस."

  तो एवढंच म्हणाला, "विठू, तुका असा वाटता?"

"वाटता नाय. दिसता."

तो खाली बसला. कबुली नाही, नकार नाही. मी म्हटलं, खरं असल्याशिवाय माणूस असा गप्प बसेल का?

त्यानंतर पेद्रूला वाडीत कुणी होडीवर घेतलं नाही. त्यानं त्याचे गळ आणि जाळी माझ्याकडून नेली आणि ती घराच्या मागं पडून राहिली. किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात फ्रान्सिस्का उभी राहिली की बायका टोपल्या उचलून पलीकडे सरकायच्या. पेद्रू दोनदा माझ्या दारी येऊन गेला. मी लक्ष्मीला बजावलं होतं, त्याला पायरी चढू द्यायची नाही. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "अहो, माणूस दारात इलोहा, आयकान तरी घेवा." मी आतल्या खोलीत जाऊन पाठ करून बसलो. पावसाळ्यानंतर ऐकलं की पेद्रू एका आंब्याच्या बागेत फवारणीच्या कामाला लागलाय. समुद्राचा माणूस डोंगरावर गेला. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

डिसेंबरात यतीन परत आला. किनाऱ्यावर कंपनीनं तंबू ठोकला होता, गाड्या भरभरून माणसं येत होती. मला बघून तो धावत आला, पाया पडला आणि म्हणाला, "काका, आज तुमच्यामुळे आम्ही इथं आहोत."

"माझ्यामुळे?"

"मग काय! तुम्ही आम्हाला आठ दिवस कचरा दाखवलात, ते काय आम्हाला कळत नव्हतं? पण एक जागा तुम्हीच दाखवलीत. जाता-येता एकाच ठिकाणी तुम्ही डोक्यावरची टोपी काढायचात आणि भाकरीचा तुकडा पाण्यात सोडायचात. दोन दिवस मला वाटलं, श्रद्धा असेल. तिसऱ्या दिवशी मशीनचं बटण दाबून जागा नोंदवून ठेवली. नंतर दुसरी होडी घेऊन आलो आणि खाली उतरलो. काका, काय जागा आहे! तुमचा नांगर अजून आहे तिथं, पर्यटक त्याच्याशेजारी फोटो काढतात."

 टोपी. भाकरी. समुद्रानं आपला नांगर ठेवून घेतला आणि बदल्यात एवढं दिलं, म्हणून पहिल्या वर्षापासून मी तिथं टोपी काढत आलो होतो. हात आपोआप जायचा. चहा पिताना माणूस फुंकर घालतो, ती काय आठवून घालतो? त्या आठ दिवसांत मी रोज दोनदा ते केलं असणार आणि मला एकदाही आठवत नव्हतं.

"तुम्ही आमच्याकडे जेवत होतात," मी म्हणालो. तेवढंच सुचलं.

"हो ना, काकूंच्या हातची सोलकढी अजून आठवते," असं म्हणून तो हसला. त्याला खरंच काही कळलं नाही.

मी तसाच बागेत गेलो. झाडांना मोहर धरला होता. पेद्रू पाठीवर पंप घेऊन फवारत होता, तोंडाला फडकं बांधलेलं. मला बघून त्यानं पंप उतरवला नाही.

"पेद्रू, ता खडप माज्याच हातान गेला," मी म्हणालो. "यतीनान आता सांगल्यान."

"माका म्हायत आसा."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिसापासून. तुया टोपी काढलंस आणि त्येनी मशिनीर बोट दाबल्यान. मियां बघलंय. म्हणान तुका सांजेक सांगलंय, लांबसून जाव्या."

"मगे सभेत कित्या बोलूक नाय?" माझा आवाज चढला. अजूनही मीच ओरडत होतो.

त्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं. "मी बोललंय असतंय तर सगळी वाडी तुका हसली असती. वाटला, तुका एकट्याक सांगीन. दोन येळा दारात इल्लंय."

 मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो मागं सरला.

"खडप गेला ता गेला, विठू. ता काय माझ्या बापाशीचा नव्हता. पण अठ्ठावीस वर्सां तुज्या होडयेत बसलंय, आणि तुया माका येकदा इचारूक नाय. सरळ चाळीस माणसांक सांगलंस."

"चल परत. उद्या होडी काढूया."

"आधी सभेत सांग. सभेत बोललंस, सभेतच सांग. फ्रान्सिस्काक लिलावात उभ्या रवाक गावता काय बघूया."

मी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. त्या आठवड्यात मी काय बोलायचं ते घोकत राहिलो. तिथं बसणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर यायचा. शंभर वेळा मी पेद्रूला नावं ठेवली होती, ती ऐकून माना डोलावणारे तेच. आता ते म्हणणार, वाडीचा शहाणा होडी घेऊन गेला आणि टोपी काढून खडप देऊन आला. माझा नातूसुद्धा म्हातारा होईपर्यंत ही गोष्ट सांगत बसतील.

रविवारी पेद्रू धुतलेला पांढरा शर्ट घालून आला आणि दाराशी बसला. नऊ महिन्यांनी तो सोसायटीत आला होता, त्यामुळे कुजबूज झाली. फ्रान्सिस्का बाहेर रस्त्यावर थांबली होती. अध्यक्ष सुदेशनं सगळे विषय संपवले आणि विचारलं, "विठोबा, तुका काय बोलूचा आसा म्हणत होतंस?"

मी उभा राहिलो. चाळीस माणसं माझ्याकडे वळली. पेद्रू गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग सुदेशकडे.

"डिझेल कधी येतला?" मी विचारलं.

"मंगळवारी," सुदेश म्हणाला.

मी खाली बसलो. पेद्रू हलला नाही. मी पुन्हा उठेन असं त्याला वाटत असावं. सुदेशनं वही मिटली, माणसं चपला शोधायला लागली, तेव्हा तो उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडला. मी खिडकीशी बसलो होतो. रस्त्यावरून फ्रान्सिस्काचा आवाज आला, "सांगल्यान?"

"सांगल्यान," पेद्रू म्हणाला.