खिडकीवरची फट

मित्रांनो, मी एका घराची पश्चिमेकडची भिंत आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. मी दगडाची नाही, विटांचीही नाही. माझी हाडं पाइनच्या लाकडाची आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर घरं अशीच बांधतात: उभे वासे, त्यांवर प्लायवूड, आणि बाहेरून एखादा अंगरखा.

माझा अंगरखा कृत्रिम गिलाव्याचा होता. प्लायवूडवर थर्माकोलचे जाड तक्ते चिकटवले, त्यांवर जाळी बसवली आणि वरून सायीच्या रंगाचा लेप दिला. त्या वर्षी आमच्या रस्त्यावर सगळ्यांना तसाच गिलावा हवा होता. वेंडेल आणि इमोजीन टेट राहायला आले, तेव्हा समोरची डॉटी कमरेवर हात ठेवून मला बघत राहिली.

"अगं इमोजीन, हा तर राजवाडा! आता आमच्याशी बोलशील ना?"

"बोलेन की. पण आधी वर्दी देऊन येत जा!"

तेव्हा मला आनंद व्हायचा. तो कसा असतो, हे मला आठवतं.

वेंडेल फार काळजी घेणारा माणूस होता. दर एप्रिलमध्ये पाइनचा पिवळा पराग उडायचा थांबला, की तो मला पाइपने धुऊन काढी. मग शिडी लावून, हातात सीलंटची, म्हणजे रबरासारख्या चिकट लुकणाची, बंदूक घेऊन एकेक फट बुजवी. खिडकीच्या वरची, खालची, अगदी जमिनीलगतचीसुद्धा. स्वयंपाकघरातून इमोजीन ओरडे, "अरे, त्या भिंतीचं तोंड किती वेळा बंद करशील? माझं तर एकदाही जमलं नाही तुला!"

"ही ऐकते तरी माझं," असं म्हणून तो मला थोपटायचा.

पण जिथे छताची कड मला येऊन टेकते, तिथे एक पत्र्याचा वाकवलेला तुकडा हवा होता. तळहाताएवढा. बांधणाऱ्याने तो लावलाच नव्हता. छतावरचं पाणी तिथून माझ्या गिलाव्यामागे शिरायचं, हळूहळू खाली उतरायचं आणि बाहेर पडायला वाट शोधायचं. खाली प्रत्येक फट वेंडेलने मन लावून बंद केलेली असायची.

पहिली काही वर्षं मला गार वाटलं. मग काहीच वाटेनासं झालं. सडणं दुखत नाही, मित्रांनो. बाहेरून मी सायीसारखी गुळगुळीत होते. वादळं आली, गेली. वेंडेल दर वसंतात थोपटत राहिला, आणि त्याचा हात मला जाणवत नव्हता. एका एप्रिलमध्ये पाइप आला नाही, शिडी आली नाही. तो गेला, हे मला असं कळलं. त्याचंही मला काही वाटलं नाही.

पुढे एकदा इमोजीनची मुलगी कोरीन शार्लट शहरातून आली. खिडकीखाली तिने सहज अंगठा टेकवला, तर तो आत गेला.

"आई, हे घर विकून टाक. माझ्याकडे चल."

"तुझ्या अकराव्या मजल्यावर? खाली उतरेपर्यंत माझे टोमॅटो पिकून सडतील."

"चेष्टा नको. भिंत पडेल अंगावर!"

शेवटी दोघींचं ठरलं: गिलावा काढून बघायचा. कोपऱ्यातला मुख्य खांब शाबूत असला तर इमोजीन इथेच राहील. नसला तर मुकाट्याने सामान बांधील.

रॉइस नावाचा सुतार आला. त्याने गिलावा पट्ट्यापट्ट्यांनी सोलला. आतलं प्लायवूड ओल्या केकसारखं हातात आलं. इमोजीन खुर्ची टाकून उकडलेल्या शेंगा सोलत बसली होती, पण खात नव्हती. रॉइसने खिडकीच्या कडेचं सीलंट उपटलं. थरावर थर, खोडातल्या वलयांसारखे.

"हे वेंडेलचं," इमोजीन म्हणाली. "ह्यामुळेच झालं का?"

"बाई, चूक पत्रा विसरणाऱ्याची. त्यांनी तर किती मन लावून..."

"मी ते नाही विचारलं, रॉइस."

रॉइसने टोपी काढली. "आत आलेलं पाणी त्यामुळे आतच राहिलं, बाई."

 इमोजीनने हातातली शेंग पुन्हा भांड्यात टाकली.

मग रॉइसने कोपऱ्यातल्या खांबात टोकदार आरी खुपसली. खाली ती मुठीपर्यंत गेली. कोरीनने डोळे मिटले. तिथून दोन हात उंचीवर त्याने पुन्हा आरी मारली, आणि ती टणकन् मागे आली.

"वरचा खणखणीत आहे! खालचं तेवढं कापून नवं जोडतो. तुम्ही टोमॅटो लावा, बाई."

मेलेलं लाकूड कापलं, तेव्हाही मला दुखलं नाही. नवे वासे जोडले, पाणी अडवणारा कागद गुंडाळला, तो पत्र्याचा तुकडा लागला, आणि वर सिमेंटच्या राखाडी फळ्या एकीवर एक बसल्या. खिडकीच्या माथ्यावर रॉइसने बोटभर फट ठेवली. "चुकून शिरलेलं पाणी इथून बाहेर येईल. ही बुजवायची नाही हं," त्याने बजावलं.

पुढच्या एप्रिलमध्ये पराग थांबला, तेव्हा इमोजीनने मला पाइपने धुतलं. मग ती आत गेली आणि वेंडेलची सीलंटची बंदूक घेऊन आली. तिने नळीचं टोक त्या फटीला लावलं.  नवऱ्याची इतक्या वर्षांची सवय होती ती, दुसरं काय?

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आपल्या माणसांची आणि वस्तूंची काळजी घ्या, पण त्यांच्या आतली ओल बाहेर यायला थोडी जागा ठेवा. वरवर सगळं बुजवलं, की दुखायचंही थांबतं, आणि कोणाला काही कळत नाही.

इमोजीन तशीच उभी होती. तेवढ्यात फटीतून एक थेंब आला आणि तिच्या मनगटावर पडला. मग दुसरा.

"बघ रे वेंडेल," ती म्हणाली, "येतंय बाहेर."

तिने बंदूक खाली ठेवली आणि ओल्या हाताने मला थोपटलं. जुन्या लाकडाला काही कळलं नाही. नव्या वाशांपाशी मात्र मला थोडं गार वाटलं.