खोली एक, दारं दोन

"वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एकच फोल्डर दोनदा होतं. एकातलं सगळं उडवलं. केवढी जागा झाली बघा!"

नणंदबाईंना घरात एक जास्तीची वाटी खपत नाही, तिथं फोल्डर काय खपणार! आमच्या मदतीला म्हणून आल्या होत्या आणि खरोखर राबत होत्या, त्यामुळे ओरडायचीही चोरी. मी फोल्डर उघडलं. रिकामं. दुसरीकडून उघडलं. तेही रिकामं.

"वन्सं, अहो ती दोन नव्हती हो! खोली एक, दारं दोन!"

हे वाक्य माझ्या नवऱ्याचं. आमचं भरतकामाचं दुकान. एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम, एक जुनी, एक नवी. नवीवर हे नक्षी काढायचे, पण भरतकामाचं मशीन जुनीचंच ऐकायचं. म्हणून यांनी सगळ्या नक्ष्या एकाच जागी ठेवल्या आणि दुसऱ्या सिस्टीमवर त्या जागेची लिंक करून दिली. कुठूनही शिरा, आत तेच सामान. पुढे अर्धांगाचा झटका आला, यांचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. त्या हातानं जन्मभर काढलेलं सगळं त्या एका खोलीत होतं.

"पण मी आधी पेनड्राइव्हवर घेतलंय की!" वन्सं रडकुंडीला आल्या.

पेनड्राइव्हवर नुसती लिंक आली होती. दारावरची पाटी आणली, घर तिथंच राहिलं. वर मोकळ्या जागेत त्यांनी नातवाचे व्हिडिओ भरलेले. दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. "त्याच्यावरच दुसरं लिहिलं गेलंय, बाई. आता ब्रह्मदेव आला तरी नाही."

यांना सांगितलं तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला रागच आला.

"तोंड फिरवून चालायचं नाही. परवा दवाखान्याचे एप्रन द्यायचेत. नाही दिले तर काम दुसरीकडे जाईल, मग दुकानाला कुलूपच." मी जुना एप्रन यांच्या मांडीवर टाकला. खिशावर दवाखान्याचं चिन्ह होतं, दोन तळवे आणि मधे एक पान. "टाके कुठून कुठं गेलेत ते सांगा. माऊस मी धरते."

"तुला... नाही... जमायचं."

"न जमायला काय झालं? शिकले की जमेल!"

वन्सं भिंग धरून टाके मोजायला बसल्या. मुसमुसणं चालूच. "वन्सं, भिंगावर पाणी पाडू नका, टाके पोहायला लागलेत," म्हटलं तेव्हा कुठं हसल्या. मी पहिलं पान काढलं. यांनी पडद्याकडे बघितलं.

"वांगं!"

आजारपणानंतरचा यांचा पहिला स्वच्छ शब्द. तिघंही हसत सुटलो. मग डाव्या बोटानं हे माझ्या मनगटावर टाक्याची दिशा काढत गेले, आणि मी काढत, पुसत, पुन्हा काढत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वांग्याचं पान झालं, दोन्ही तळवेही काढून झाले.

दुरुस्तीवाल्याच्या खटाटोपात जुनी लिंकही गेली होती, ती नव्यानं मीच केली. हे एकेक शब्द सांगत होते, मी टाईप करत होते.

"पुन्हा दोन-दोन कशाला गं बाई?" वन्संनी धास्तावून विचारलं.

"दोन नाहीत हो," मी म्हटलं. "हात लावाल तर खबरदार!"

कॉम्प्युटर बंद करून जुनी सिस्टीम सुरू केली. फोल्डर उघडलं. एवढ्या मोठ्या खोलीत एकच फाइल. पण होती. मी मशीन लावलं.

एप्रन फ्रेममधून काढून यांच्यापुढे ठेवला. यांनी डाव्या बोटांनी नक्षी चाचपली. पान झालं, डावा तळवा झाला, उजव्यावर बोट थांबलं.

"हा... वाकडा."

माझा चेहरा उतरला. "उसवू?"

यांनी डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला आणि त्या तळव्याशेजारी नीट ठेवला. दोन्हींकडे बघितलं.

"राहू दे," म्हणाले. "असाच... आहे."

मी पुढचा एप्रन फ्रेममध्ये ताणला.