सरळ नळी

"ही नळी नवी हाय कशावरून?" कौसल्याबाईंनी छर्‍याची बंदूक उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

दुकानदार धर्मराज हसला. "आतून पाहा ना. गंज दिसतो का?"

"गंज पुसता येतो."

मस्तगडातल्या या दुकानात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. फुगे फोडायचा त्यांचा गाडा अठरा वर्षं जत्रांमधून फिरला, पण बंदुका नवराच आणायचा. तो गेल्या दिवाळीत वारला. जुनी बंदूक खिळखिळी झालेली. तिला नुसती नळी बसवावी की बंदूकच नवी घ्यावी, हे ठरवायला त्या सकाळच्या एसटीने अंबडहून आल्या होत्या.

तिसरी बंदूक परत ठेवत त्या म्हणाल्या, "आमचे मालक इथूनच न्यायचे. पुंजाराम. फुग्याचा गाडा."

"मंग आधी सांगायचं ना!" धर्मराजने आतून कापडात गुंडाळलेली बंदूक आणली आणि हळूच म्हणाला, "भाऊ असलीच न्यायचे. नळी मीच वाकवून देत होतो. दिसत न्हाई, पण छर्रा बराबर दोन बोटं डावीकडं जातो."

घनसावंगीच्या जत्रेत एकाने "बंदूक वाकडी हाय" म्हणून आरडाओरडा केला होता. कौसल्याबाई त्याच्या अंगावर धावून गेल्या होत्या. पुंजाराम मात्र खाली मान घालून बसून राहिला होता.

"खोटं बोलून राह्यले तुम्ही."

"कशाला बोलू? सगळेच नेतात, बाई."

मागच्या बोळात भिंतीला कागद लावून त्यांनी स्वतः नेम धरला. पाच छर्रे झाडले. पाचही डावीकडे गेले. मग पहिली बंदूक मागवली. पाचही मधोमध.

"ही द्या."

"धंदा बसंल तुमचा."

"बांधून द्या."

अंबडच्या बाजारात पहिल्याच गिर्‍हाइकाने दहातले आठ फुगे फोडले. बंदूक खाली ठेवून तो त्यांच्याकडे रोखून पाहू लागला.

"ह्यात काय डाव हाय, मावशी?"

"काही न्हाई. नेम चांगला हाय तुमचा."

त्याला ते पटलं नाही. बक्षिसाचा आरसा उलटसुलट करत, नखाने खरवडून बघत तो गर्दीत शिरला. कौसल्याबाई फळीवरच्या खिळ्यांना अडकलेलं फाटकं रबर एकेक करून सोडवू लागल्या.