पैलतीराचा नैवेद्य

भाद्रपद सरला, आश्विन उघडला. उत्तरा नक्षत्राचं ओलं, सोनसळी ऊन कृष्णेच्या संथ पात्रावर पसरलं. काठावरचे पांढरे तुरे डुलू लागले. उसाच्या फडांतून हिरवा, गोडसर वारा गावात शिरला. घरोघरी घट बसले होते आणि अंगणोअंगणी हादग्याची गाणी सुरू झाली होती.

या कृष्णाकाठच्या गावाला सागरापलीकडे एक बहीण होती. जपानातलं लहानसं बंदर ते. धुक्यात जागं होणारं, घंटानादात निजणारं. दोन्हीकडच्या नगराध्यक्षांनी हार घातले, फिती कापल्या, चौकात पाटी लावली: भगिनी शहरं. पण पाट्या लावून का बहिणी होतात! बहिणी होतात त्या एका ताटात जेवून. म्हणून शाळकरी मुली इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ-येऊ लागल्या, आणि यंदा कुरुंदवाडकरांच्या घरी सायाका आली.

सोळा वर्षांची सायाका. मृदुपदा, मितभाषिणी, नतनयना. विमलकाकू तिला मऊ भात वाढत, काकूंची लेक ऋता तिला फेर धरायला शिकवी. पाटावर रेखलेल्या हत्तीभोवती ती पोरींच्या हातात हात गुंफून फिरे. गाण्याचे शब्द चुकत, पण पाऊल कधी चुकत नसे.

परवा तिच्या आईचा फोन आला. आजी गेली. जिच्या पाठीवर बसून सायाकानं पहिला समुद्र पाहिला, ती आजी. सायाकानं फोन ठेवला, तोंड धुतलं आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसली. दुसऱ्याच्या सणात आपलं दुःख सांडू नये, ही आजीचीच शिकवण. आजीच्याच मरणात ती पाळायची वेळ आली.

पण तिच्या देशात हे दिवस पितरांचे. दिवस आणि रात्र समसमान होतात, सूर्य नेमका पश्चिमेत बुडतो, आणि गेलेली माणसं पैलतीरावर उभी राहून ऐलतीराकडे पाहतात, असं तिकडे मानतात. त्यांच्यासाठी भाताचे गोळे वळायचे आणि वर गोड, तांबडं पुरण लिंपायचं. त्याला म्हणायचं ओहागी. दरवर्षी ते आजी करी. यंदा आजीसाठी कोण करणार? मध्ये समुद्र होता, मध्ये आकाश होतं. तरी एवढं आजीला पोचायलाच हवं होतं. ते पोचल्याखेरीज सायाकाच्या जिवाला थारा नव्हता.

दुपारी काकूंचा डोळा लागला तेव्हा तिनं इंद्रायणीचा चिकट भात शिजवला. तांबडी चवळी साखर घालून घोटली. गोळे वळले, लिंपले, ताटात मांडले, वर केळीचं पान झाकलं आणि ताट पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं. मग ऊन कलायची वाट पाहत ती शेजारी बसून राहिली.

काकू उठल्या, त्यांना पान दिसलं, आणि त्या हरखल्याच. आज खिरापतीची पाळी त्यांच्या घरची!

"अगंबाई! आणि मला न सांगता केलीस होय गं? गुणाची पोर ती!"

  एवढ्या आनंदलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे सायाकाला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. खिडकीतलं ताट अंगणात गेलं.

फेर फिरला, गाणी झाली. परकरांच्या, ओढण्यांच्या, रंगांच्या गर्दीत पोरी ताटाभोवती दाटल्या. खिरापत ओळखल्याशिवाय मिळत नाही, हा हादग्याचा कायदा.

"गोड का तिखट?"

"गोड," सायाका म्हणाली.

"नाचणीचे लाडू! पुरणाचे उंडे! तिळाचे! हरलो बाई, हरलो! सांग की आता!"

सायाका उभी राहिली. हात कडेला, पाठ ताठ, नजर खाली.

"ओहागी," ती म्हणाली. "माझी आजी परवा मेली. हे तिचं आहे."

 पुढे आलेले हात मागे गेले.

विमलकाकू तरातरा उठल्या. आधी त्यांना रडू नाही, रागच आला. "परवा? आणि परवापासून माझ्या पंक्तीला बसून हसत होतीस? आम्ही काय मेलो होतो का गं?" मग आवाज फुटला, आणि त्यांनी त्या ताठ, बारीक पाठीवर हात ठेवला. ताट उचलून त्या घराकडे वळल्या.

शेजारच्या मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या, "विमल, घट बसलेत. पितृपक्ष सरला. नवरात्रात पितरांचं पान मांडतात का?"

"तिची आजी काही पंचांग बघून गेली नाही," काकू म्हणाल्या.

ताट पुन्हा खिडकीत आलं. काकूंनी निरांजन लावलं, तांब्या भरून ठेवला, आणि मघाच्या त्या कलकलणाऱ्या पोरी हात जोडून भिंतीशी उभ्या राहिल्या. सायाकानं आपल्या भाषेत आजीला हळू आवाजात सांगितलं की चवळी इथली आहे, तांदूळ इथला आहे, माणसं चांगली आहेत, आणि मी जेवते आहे.

"आता सगळ्यांनी खायचं," ती वळून म्हणाली. "आमच्याकडे असं."

पहिला घास तिनंच घेतला. आणि परवापासून सावरून धरलेला तो चेहरा एकाएकी मोडला.

"मीठ," ती म्हणाली. "पुरणात चिमूटभर मीठ लागतं. आजी कधीच विसरत नव्हती. मी विसरले." आणि ती रडली, मोठ्यानं, लहान मुलासारखी, कुणाचाही सण न सांभाळता.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि मुठीत मीठ घेऊन आल्या. मंदाकिनीबाईंना राहवेना. "अगं, मीठ हातावर देऊ नये. भांडण होतं."

"होऊ दे की! भांडायला तरी जपानहून परत यावं लागेल तिला."

पश्चिम केशरी झाली, मग तांबूस, मग नुसतीच उजळ. सायाका एकेका गोळ्यावर मीठ पेरत होती. चिमूट चिमूट, थांबून थांबून. तिच्या तळव्यावर मीठ होतं, आणि तळव्याखाली काकूंचा तळवा.