उंबऱ्यावर ताणलेली वायर

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो. इंटरनेटची. दहा मीटर लांब, निळ्या रंगाची. माझ्या एका टोकाची पकड तुटली आहे. ती कशी तुटली हे सांगताना मला आजही लाज वाटते. पण ते वगळलं तर माझ्या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरतच नाही.

कारखान्यात आठ बारीक तारांना जोडीजोडीनं पीळ देऊन, वर निळं कातडं चढवून मला गुंडाळलं, एवढं आठवतं. तिथून मी रायपूरला आले, बूढ़ापारा मोहल्ल्यात, शामरावांच्या घरी. शामराव नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते. घरात त्यांची बायको शांताबाई, नवा रायपुरात मंत्रालयात नोकरी करणारा मुलगा यशदीप आणि पॉलिटेक्निकला शिकणारी मुलगी दीपमाला. दीपमालाच्या लॅपटॉपचं वाय-फाय बिघडलं होतं. म्हणून पुढच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डब्यापासून मागच्या खोलीतल्या तिच्या टेबलापर्यंत मला अंथरलं, उंबरा ओलांडून, भिंतीच्या कडेकडेनं.

निळी माझी काया, तांब्याचा आत जीव,
लेकीच्या शिक्षणाची मला मोठी जाणीव.

असं मी मनातल्या मनात गुणगुणायची. दीपमालाचे धडे माझ्यातून जात. "वायर लई कामाची निघाली," शांताबाई म्हणायच्या, आणि झाडताना मला हातानं उचलून बाजूला ठेवायच्या. मला केवढा अभिमान होता!

मग वैशाख आला. परीक्षा चार दिवसांवर. उकाड्यानं जीव घाबरा झाला, म्हणून दीपमालानं टेबल कूलरसमोर ओढलं. माझी लांबी कमी पडली. भिंतीची कड सोडून मी उंबऱ्यावरून हवेत ताणले गेले, घोट्याएवढ्या उंचीवर, ताठ. तेवढ्यात शामराव लेकीसाठी आंब्याचं पन्हं घेऊन आले. त्यांचा पाय माझ्यात अडकला. पेला आधी फुटला, मग ते पडले. मनगट मोडलं, कपाळ फुटलं. माझी पकड तेव्हाच तुटली.

दीपमालानं आधी बापाला सावरलं. मग, शांताबाईंची पावलं ऐकू येताच, तिनं मला ओढून गुंडाळलं आणि कपाटात टाकलं. शामरावांनी ते पाहिलं.

"अहो, काय झालं? कसे पडले?"

शामरावांनी लेकीच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"चक्कर आली," ते म्हणाले.

मित्रांनो, इथून माझी खरी लाज सुरू होते. चक्कर कशानं आली हे शोधायला यशदीप बापाला तीन डॉक्टरांकडे घेऊन गेला. कान तपासले, डोकं तपासलं, रक्त तपासलं. काहीच सापडलं नाही, आणि म्हणून घरची भीती जास्तच वाढली. शामरावांची सायकल कुलपात गेली. रोज संध्याकाळी बूढ़ा तालाबाला फेरी मारून रेल्वेतल्या जुन्या मित्रांत बसायचं, ते बंद झालं. मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, तरी अंगणापलीकडे एकटं जायचं नाही. न्हाणीच्या दाराशी शांताबाई उभ्या राहत.

"आतून कडी नका लावू हो! बोलत राहा."

"काय बोलू? पाढे म्हणू काय?"

शेजारचे लोक हसत. मी कपाटातून ऐकत होते. दीपमालाही ऐकत होती. दोघींनाही ठाऊक होतं. ती बोलली नाही; मला बोलता येत नव्हतं.

एका रविवारी यशदीप म्हणाला, "नवा लॅपटॉप घेऊ. जुन्याचं वाय-फाय बिघडलेलंच आहे, वायरची कटकटच नको." शांताबाई बुद्धविहारात गेल्या होत्या, आणि शामरावांना एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून तिघंही शंकर नगरच्या दुकानात गेले. जुना लॅपटॉप दाखवायला घेतला होता. दीपमालानं कपाटातून काढून त्याच्याच पिशवीत मलाही कोंबलं होतं.

दुकानदार तुळशीराम भैयानं तीन लॅपटॉप मांडले. "देखिए दीदी, तीनों में फुल सिग्नल!"

शामराव स्टुलावरून वर बघत म्हणाले, "राहीलच ना भाऊ, तुमचा डबा डोक्यावरच टांगला आहे. आमच्या घरी मधात दोन जाड भिंती आहेत. मागं भिंतीपल्याड नेऊन पाहू द्या." आणि एक लॅपटॉप उचलून ते मागच्या पायऱ्यांकडे निघालेच. पाच पायऱ्या, वर गोदाम.

"बाबा! बसा पहिले!" यशदीपनं त्यांचा दंड धरला. "पायऱ्या आहेत. चक्कर आली तर? काहून ऐकत नाही तुम्ही?"

शामराव मुकाट्यानं स्टुलावर बसले. चाळीस वर्षं चालत्या गाडीच्या पायदानावर उभा राहिलेला माणूस. दुकानदारानंही नजर वळवली.

"दादा," दीपमाला म्हणाली. "बाबांना चक्कर नव्हती आली. वायर मी ताणली होती, कूलरसाठी. आई आली तर मैंने ही छुपा दी."

यशदीप तिच्याकडे वळला. "अन् ते तीन डॉक्टर? ते कान, ते डोकं?"

"डोकं चांगलं निघालं ना? मग झालं," शामराव म्हणाले. मग लेकीकडे वळले, आणि त्यांच्या आवाजातलं हसू गेलं. "दोन महिने, दीपा. लहान पोट्ट्यावानी हात धरून नेतात मले. पहिल्या दिवशी मी खोटं बोललो, ते तुह्यासाठी. पण पुढं रोज वाट पाहून राहिलो होतो, आज सांगशील, उद्या सांगशील."

"बाबा, मले लाज वाटत होती."

"मलेही लाज वाटत होती. न्हाणीत पाढे म्हणताना." त्यांनी डोळे पुसले. "रडू नको. तो लॅपटॉप दे इकडे."

यशदीपनं दंड सोडला. शामराव एकटे पाच पायऱ्या चढले. भिंतीमागून आवाज आला, "सिग्नलची एकच डंडी! हा नाही चालत!" मग खाली येऊन दुसरा नेला. "हा तर मेलाच!" तिसऱ्याला जरा वेळ लागला. "तीन डंड्या! दीपा, हाच घे! अन् इथं मटक्यात पाणी लई गार आहे!"

तोच घेतला. घरी येऊन दीपमालानं आईलाही सगळं सांगितलं. शांताबाई उठल्या आणि सायकलची किल्ली शामरावांच्या हातात ठेवली.

मी आता मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. कुणी मला दोष देत नाही. पण शामराव उंबरा ओलांडताना अजून खाली बघून पाऊल टाकतात, आणि दर वेळी मला तोंड लपवावंसं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला वाटेतून ताणू नका. भिंतीच्या कडेनं न्या, दोन खिळे जास्त लागले तरी चालतील. आणि तुमच्या चुकीनं कुणी पडलं, तर त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, सांगून टाका. माझ्यातून जगभरचं बोलणं गेलं, पण 'माझं चुकलं' एवढं मला कुणाला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं.